इंडस्ट्रियल इलेक्ट्रिकलची थिअरी मुळापासून शिकायचीय, सुरुवात कुठून करू?

स्पॅनर१३
नमस्कार मंडळी. नऊ वर्षं मेकॅनिकल मेंटेनन्समध्ये आहे. बेअरिंग, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक्स हे सगळं हातातलं काम. सहा महिन्यांपासून इलेक्ट्रिकलचीही जबाबदारी आलीय. काम तसं निभावतं, म्हणजे कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) बदलतो, मोटरची कनेक्शनं करतो, उघडायच्या आधी फोटो काढतो आणि जसं होतं तसं परत लावतो, पण ते का चालतं हे मला सांगता येत नाही आणि आता ते टोचायला लागलंय.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने चालणारा व्हॉल्व्ह) ओढत नव्हता. कॉइलच्या वायर काढल्या, मीटर लावला, पूर्ण २४ व्होल्ट डीसी. म्हटलं सप्लाय आहे म्हणजे कॉइल गेली. स्टोअरमधून नवी आणली, लावली, तरी तेच. आणखी एक आणली, पुन्हा तेच. शेवटी आमचे सीनिअर आले, त्यांनी वायर न काढता, कॉइल जोडलेली असतानाच मीटर लावला. १६ च्या आसपास आलं. ते काही न बोलता जंक्शन बॉक्सकडे गेले, एक हिरवट पडलेलं टर्मिनल उघडून साफ केलं, व्हॉल्व्ह चालू. माझे दोन तास गेले होते, त्यांना पाच मिनिटं लागली. जाताना एवढंच म्हणाले, "बेसिक पक्कं कर रे."

पुस्तक घेऊन बसलो, पहिल्याच प्रकरणात अणू, इलेक्ट्रॉन, कूलंब. तिसऱ्या दिवशी सुटलं. तर प्रश्न असा की कामापुरती थिअरी नक्की किती लागते, गणित किती लागतं, आणि क्रम काय ठेवू?

तीनफेज
वाचतोय. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त विचारायचं राहून गेलं होतं.

जुना_वायरमन
स्पॅनरदादा, तुमचं निम्मं बेसिक त्या हिरव्या टर्मिनलमध्येच आहे. पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी तेवढं एकच उदाहरण पूर्ण सोडवा.

कॉइलवर १० वॅट लिहिलेलं असेल असं धरू. २४ व्होल्टला १० वॅट म्हणजे करंट ०.४२ अँपिअर आणि कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ५८ ओहम. आता गंजलेल्या टर्मिनलचा रेझिस्टन्स ३० ओहम धरा. दोन्ही सीरिजमध्ये, एकूण ८८. करंट उरला ०.२७. कॉइलवर व्होल्टेज किती? ०.२७ गुणिले ५८, म्हणजे पावणेसोळा. राहिलेले सव्वाआठ व्होल्ट त्या टर्मिनलवर खर्च होतायत. म्हणूनच सीनिअरला १६ दिसले.

आता तुम्ही वायर काढून मीटर लावलात तेव्हा काय झालं? डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १ कोटी ओहम असतो. त्याच्यापुढे ३० ओहमची काय कथा? करंट जवळजवळ शून्य, करंट नाही तर टर्मिनलवर ड्रॉप (तिथे खर्च होणारा व्होल्टेज) नाही, मीटर पूर्ण २४ दाखवणार. मीटर खोटं बोलला नाही, आपण त्याला चुकीच्या वेळी विचारलं. व्होल्टेज बघायचा तर लोड जोडलेला असताना बघायचा.

हे कुठल्या पुस्तकात सापडेल? ओहमचा नियम आणि सीरिज सर्किट, बस्स. तुम्हाला नियम माहीत नव्हता असं नाही, तो मीटरच्या टोकाशी पोचला नव्हता. म्हणून माझा एकच सल्ला. मीटर लावायच्या आधी किती येईल तो आकडा वहीत लिहायचा, मग मोजायचं. जुळला तर पुढे जा. नाही जुळला तर तिथेच थांबून का ते शोधा, ती तुमची थिअरी. मी शिकाऊ असताना माझ्या फोरमननी मला वर्षभर हेच करायला लावलं, आकडा सांगितल्याशिवाय मीटरला हात लावू द्यायचे नाहीत.

ओहमकार
जुना_वायरमन यांच्याबद्दल आदर ठेवून असहमत. असं तुकड्यातुकड्यांनी शिकलेला माणूस ओळखीच्या फॉल्टवर चांगला चालतो आणि अनोळखी फॉल्ट आला की अडतो. मी शिकवण्याचं काम करतो, दरवर्षी बघतो. आधी पाया क्रमाने घ्यावा: ओहम, किरचॉफचे दोन नियम, सीरिज-पॅरलल, पॉवर, मग मॅग्नेटिझम आणि फॅरेडे, मग एसी, फेजर (एसी रेघांनी दाखवायची पद्धत), थ्री फेज, आणि त्यानंतरच मशिन. अणू-इलेक्ट्रॉनचं प्रकरण सोडलं तरी चालेल, त्याबाबतीत धागाकर्त्याशी सहमत.

गणित: सूत्र उलटसुलट करता येणं, वर्गमूळ, पायथागोरस आणि साइन-कोसाइन. औद्योगिक मेंटेनन्सला कॅल्क्युलस लागत नाही.

जुना_वायरमन
ओहमकार सर, क्रम तुमचाच बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण ज्याच्या नावाने नियम आहे त्या माणसाने तरी काय केलं? वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन मोजत बसला. तेव्हाच्या बॅटरीचा व्होल्टेज स्थिर राहत नव्हता म्हणून त्याने बिस्मथ आणि तांब्याचं थर्मोकपल वापरलं, आकडे जमवले आणि मग १८२७ मध्ये पुस्तक काढलं. मोजणं आधी, सूत्र नंतर.

ओहमकार
हे मान्य. क्रम माझा, पद्धत तुमची, असं करू :-)

मेगरताई
सगळ्यांचं वाचलं. कुणीच अजून सुरक्षिततेबद्दल बोललं नाही म्हणून लिहितेय. "जोडलेला असताना मोजा" हा सल्ला २४ व्होल्ट कंट्रोलला ठीक आहे. हाच सल्ला नवा माणूस उद्या ४०० व्होल्टच्या पॅनलमध्ये वापरेल.

स्पॅनरभाऊ, पहिला धडा हा घ्या. सप्लाय बंद केला, कुलूप लावलं, टॅग लावला, तरी हात घालायच्या आधी मोजायचं. आणि मोजायचं म्हणजे तीन वेळा: आधी एखाद्या चालू असलेल्या ठिकाणी मीटर लावून तो दाखवतोय याची खात्री, मग आपल्या जागी शून्य आहे का ते, मग परत त्या चालू ठिकाणी. मधल्या वेळात मीटरची लीड तुटली असेल तर शून्य दिसेलच ना, आणि ते शून्य जीव घेईल. सगळ्या फेज एकमेकांत आणि प्रत्येक फेज अर्थला.

ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) असेल तर आणखी एक. ४०० व्होल्ट हा आरएमएस (एसीचा परिणामी) आकडा आहे, शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणून ड्राइव्हच्या आतली डीसी बस ५६५ व्होल्टच्या आसपास असते आणि मेन स्विच पाडल्यावरही कपॅसिटर ती धरून ठेवतात. कव्हरवर किती मिनिटं थांबा ते छापलेलं असतं. तेवढं थांबायचं आणि मग बसवर मोजायचं. आरएमएस म्हणजे काय हे मला पुस्तकातून कधीच कळलं नव्हतं, या ५६५ ने कळलं.

तीनफेज
ताई, मीटरची लीड तुटली असेल हा विचार खरंच कधी मनात आला नव्हता. धन्यवाद.

ऑइलसील
स्पॅनर१३, तू हायड्रॉलिक्सवाला आहेस ना, मग तुला हे सगळं येतंय, फक्त नावं वेगळी आहेत. मी पण त्याच वाटेने आलो. प्रेशर म्हणजे व्होल्टेज, फ्लो म्हणजे करंट, ओरिफिस म्हणजे रेझिस्टन्स, अॅक्युम्युलेटर म्हणजे कपॅसिटर.

तुझाच किस्सा घे. लाइनमध्ये स्ट्रेनर चोक आहे आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद आहे. गेज काय दाखवेल? पूर्ण प्रेशर. व्हॉल्व्ह उघडून सिलेंडर चालवायला गेलास की गेज धाडकन खाली. हे तुला नऊ वर्षं माहितीय, तू स्ट्रेनर चोक असताना सिलेंडर कधीच बदलला नसतास. कॉइल मात्र दोनदा बदललीस :-) फरक फक्त नावाचा होता.

आणि अजून एक. वेगात चाललेलं तेल एकदम अडवलं की पाइपात हातोडा बसतो ना? कॉइलचा करंट एकदम तोडला की तसाच व्होल्टेजचा हातोडा बसतो, २४ च्या कॉइलमधून शेकडो व्होल्टचा. म्हणून डीसी कॉइलला उलटा डायोड लावतात, करंटला हळूहळू थांबायला वाट मिळावी म्हणून.

स्पॅनर१३
ऑइलसील, स्ट्रेनरवालं वाचून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. हे इतकं सरळ होतं.

किरण_क्ष
पाण्याची उपमा सुरुवातीला बरी, पण तिच्यात अडकू नका. पाइप फुटला की तेल बाहेर सांडतं, वायर तुटली की काहीच सांडत नाही, सगळंच थांबतं, कारण परतीची वाट गेली. नवखे लोक म्हणूनच परतीचा रस्ता तपासत नाहीत. फेज तपासतात, प्लस तपासतात, आणि न्यूट्रल किंवा शून्य व्होल्टची बाजू सुटलेली असते. आणि एसीत करंट व्होल्टेजच्या मागे राहतो तो का, थ्री फेजमध्ये मोटर फिरते का, याला पाइप उपयोगी नाही.

ऑइलसील
परतीच्या वाटेचा मुद्दा पटला. तरी इंडक्टरला फ्लायव्हील म्हण, करंट मागे राहतो तेही जुळतं. थ्री फेजला मात्र हात जोडतो, तिथे पाइप संपला.

संध्या_पॅनल
थोडं अवांतर, पण मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या बोलण्यातच घोळ आहे. कामावर सगळे म्हणतात "करंट येतोय का बघ", आणि हातात मीटर असतो व्होल्टवर. "लाइट आहे का" म्हणजे सप्लाय आहे का. "शॉर्ट झालं" म्हणजे काहीही बिघडलं तरी. वायर तुटली, सर्किट ओपन झालं, तरी "शॉर्ट झालं". मी नवीन मुलांना पहिल्या दिवसापासून सांगते, व्होल्टेज दोन टोकांच्या मध्ये असतो, करंट एका वायरमधून वाहतो. म्हणून व्होल्टेज आडवा मोजायचा, करंट सर्किट तोडून मध्ये बसून नाहीतर क्लॅम्पने.

हा शब्दांचा कीस नाही. आमच्याकडे एका मुलाला सांगितलं "करंट बघ", त्याने खरंच लाल लीड अँपिअरच्या भोकात घातली आणि दोन फेजवर लावली. अँपिअरवर असलेला मीटर म्हणजे जवळजवळ नुसता तारेचा तुकडा, सरळ शॉर्टच. मीटर चांगला होता, कॅट थ्री या सुरक्षा श्रेणीचा, आतल्या फ्यूजने वाचवलं. तो मुलगा आज उत्तम काम करतो, पण त्या दिवशी त्याच्या हाताला झालेली थरथर मी विसरले नाही. चूक सांगणाऱ्याच्या भाषेची होती.

मेगरताई
संध्या_पॅनल, शंभर टक्के. "करंट येतोय का" हे वाक्य मीही आजपासून सोडते.

नेमप्लेट
उशिरा येतोय. क्रमाचा विषय निघालाय तर माझं म्हणणं, थ्री फेज शिकायचं सगळ्यात चांगलं पान मोटरवरच चिकटवलेलं असतं. कापडाने पुसा आणि वाचा. आत्ता माझ्यासमोर आहे ती अशी: ७.५ किलोवॅट, ४००/६९० व्होल्ट डेल्टा/स्टार (वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती), १४.५ अँपिअर (४०० ला), कॉस फाय (पॉवर फॅक्टर) ०.८५, ५० हर्ट्झ, १४५५ आरपीएम.

१.७३२ × ४०० × १४.५ केलं की साधारण १० केव्हीए. हे केबल आणि ट्रान्सफॉर्मरला सोसावं लागतं. त्याला ०.८५ ने गुणलं की साडेआठ किलोवॅट, हे मोटर खरंच खाते. शाफ्टवर मिळतात ७.५, म्हणजे एफिशियन्सी ८८ टक्क्यांच्या आसपास आणि उरलेलं एक किलोवॅट उष्णता. म्हणून पंख्याच्या जाळीवर धूळ साचू द्यायची नाही! ५० हर्ट्झला चार पोलचं फिरतं क्षेत्र १५०० ने फिरतं (१२० गुणिले ५० भागिले ४), रोटर (मोटरचा फिरणारा भाग) १४५५ ने. तो ४५ चा फरक म्हणजे स्लिप. स्लिप नसेल तर रोटरमध्ये काही इंड्यूसच होणार नाही, मग टॉर्क कुठला. ज्यांच्याकडे ६० हर्ट्झ आहे त्यांनी १५०० च्या जागी १८०० धरा.

आणि ते ४००/६९० वाचायला शिकाच. याचा अर्थ प्रत्येक वाइंडिंग ४०० व्होल्टचं आहे, ४०० च्या लाइनवर ही मोटर डेल्टात चालवायची, म्हणूनच हिला स्टार-डेल्टा स्टार्टर लावता येतो. स्टारमध्ये सुरू करताना लाइन करंट एक तृतीयांश होतो, पण टॉर्कही एक तृतीयांशच, म्हणून भरलेला कन्व्हेयर कधीकधी स्टारमध्ये हलतच नाही. छोट्या मोटरवर २३०/४०० असतं, तिथे वाइंडिंग २३० चं आहे, ४०० लाइनला स्टारच. मी नवा असताना अशी एक मोटर शेजारच्या मोठ्या मोटरचं बघून डेल्टात जोडली होती. २३० च्या वाइंडिंगवर ४०० बसले. एक मिनिटसुद्धा टिकली नाही, वार्निशचा तो वास अजून नाकात आहे. फोटो काढून जोडण्यात हाच धोका आहे, स्पॅनरभाऊ. फोटो दुसऱ्या मोटरचा असला की संपलं.

तीनफेज
नेमप्लेट साहेब, ते १.७३२ कुठून येतं? सगळे वापरतात, कुणी सांगत नाही. दोन फेज म्हणजे २३० आणि २३०, मग ४६० का नाही?

किरण_क्ष
कारण दोन्ही एकाच वेळी शिखरावर नसतात. कागदावर काढून बघा. एका बिंदूतून २३ सेंटिमीटरच्या तीन रेघा, एकमेकींत १२० अंश. आता दोन रेघांची टोकं जोडा आणि पट्टीने मोजा. ३९.८ सेंटिमीटर येईल. २३ × १.७३२. सूत्र पाठ करू नका, पट्टीनेच मोजा. तिन्ही रेघा एकापुढे एक जोडल्या की परत सुरुवातीच्या बिंदूवर येता, म्हणून सारखा लोड असेल तर न्यूट्रलमध्ये करंट शून्य. ही व्यवस्था काही काल-परवाची नाही, १८९१ मध्ये लाउफेनहून फ्रँकफर्टला थ्री फेज वीज १७५ किलोमीटर नेऊन दाखवली होती.

तीनफेज
काढलं. पावणेचाळीसच्या किंचित पुढे आलं. आता आयुष्यात विसरणार नाही.

मेगरताई
स्पॅनरभाऊंच्या फॉल्टचा उलटा प्रकारही लिहून ठेवते. वायर दोन्हीकडून सुटलेली आहे, कुठेच जोडलेली नाही, तरी मीटर ६०-७० व्होल्ट एसी दाखवतो. लांब ट्रेमधून शेजारी चालू केबल असली की दोन वायरींमधल्या कपॅसिटन्समधून एवढं येतं, आणि १ कोटी ओहमचा मीटर ते दाखवतो. टेस्ट लॅम्प किंवा लो इम्पिडन्सवाला मीटर लावला की ते गायब. पण "भुताचा व्होल्टेज असेल" असं गृहीत धरून हात लावायचा नाही, गायब झालेला डोळ्यांनी बघायचा, मगच.

स्पॅनर१३
तीन आठवड्यांनी परत आलोय. वही केली. डाव्या पानावर अंदाज, उजव्या पानावर मीटर.

सगळ्यात जास्त शिकवलेली नोंद सांगतो. एका कॉन्टॅक्टरची एक फेज गरम वाटत होती. ४० अँपिअर चालू होते. चांगल्या कॉन्टॅक्टवर जवळजवळ काहीच ड्रॉप नसावा असं लिहिलं, सीनिअर शेजारी उभे, पूर्ण सेफ्टी गिअर, आणि वरच्या टर्मिनलपासून खालच्यापर्यंत मोजलं. दोन फेजवर ०.०५ व्होल्ट, तिसरीवर ०.६. ऐकायला काहीच नाही. पण ०.६ गुणिले ४० म्हणजे २४ वॅट, नखाएवढ्या जागेत! सोल्डरिंग आयर्नच झालं ते. बंद करून उघडलं तर खालच्या लगचा स्क्रू अर्धा वेढा सैल आणि तांबं काळपट जांभळं झालेलं. या एका गुणाकाराने मला जेवढं कळलं तेवढं त्या पुस्तकाने नव्हतं कळलं.

पण एक अडलंय. २३० व्होल्ट एसी कॉन्टॅक्टरची सुटी कॉइल मोजली, ६०० ओहम. अंदाज लिहिला २३० भागिले ६००, ०.३८ अँपिअर. चालू कॉइलचा करंट क्लॅम्पला दिसेना म्हणून सीनिअरनी कॉइलच्या एका वायरचे दहा वेढे जबड्यातून घ्यायला लावले. ०.३५ आला, म्हणजे खरा ०.०३५. अंदाजाच्या दहावा हिस्सा! पुन्हा मोजलं, तेच. ओहमचा नियम इथे कुठे गेला?

ओहमकार
वा! याच जागेची वाट बघत होतो. डीसी संपून एसी सुरू होतो तो इथे.

नियम कुठेही गेला नाही, रेझिस्टन्स एकटा नाही एवढंच. एसीत कॉइलमधलं क्षेत्र सतत बदलतं, बदलतं क्षेत्र कॉइलमध्येच उलटा व्होल्टेज तयार करतं (फॅरेडे, १८३१) आणि तो करंटला अडवतो. तुमच्या आकड्यांवरून एकूण अडथळा २३० भागिले ०.०३५, म्हणजे साधारण ६६०० ओहम. त्यात तारेचे ६०० आहेत, पण ते थेट वजा करायचे नाहीत, काटकोनात आहेत, इथे पायथागोरस.

आणि हे इतकं जास्त का? कारण कॉन्टॅक्टर ओढलेला आहे, लोखंड लोखंडाला भिडलंय, मध्ये हवा नाही. ओढायच्या क्षणी फट असते तेव्हा इंडक्टन्स कमी आणि करंट कितीतरी पट जास्त. धूळ किंवा मोडलेल्या तुकड्यामुळे आर्मेचर (कॉइल ओढते तो लोखंडी भाग) पूर्ण बसला नाही तर तो मोठा करंट तसाच राहतो आणि कॉइल जळते. म्हणून एसी कॉइल जळाली की नुसती कॉइल बदलू नका, आर्मेचर का बसला नाही ते बघा.

आता तुम्हाला एक प्रश्न. तुमचा तो २४ व्होल्ट डीसी सोलेनॉइड. स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकणारा दांडा) मध्येच अडकला, प्लंजर पूर्ण आत गेलाच नाही. कॉइल जळेल का? आधी वहीत लिहा.

नेमप्लेट
छान प्रश्न. कुणी उत्तर फोडू नका.

स्पॅनर१३
लिहिलं. नाही जळणार. डीसीत करंट एकदा स्थिर झाला की क्षेत्र बदलत नाही, उलटा व्होल्टेज नाही, अडवायला फक्त तारेचा रेझिस्टन्स. प्लंजर आत असो की बाहेर, ०.४२ म्हणजे ०.४२. बरोबर?

ओहमकार
बरोबर. अगदी बरोबर.

स्पॅनर१३
मग लगेच पुढचं सुचलं. त्या दिवशी कॉइलवर १६ व्होल्टच पोचत होते, म्हणजे करंट उलट कमीच होता, मग मी काढलेल्या कॉइली जळायचं काही कारणच नव्हतं. जुनी आणि मी लावलेली पहिली नवी, दोन्ही भंगाराच्या डब्यात टाकल्या होत्या. आज शिफ्ट संपल्यावर जाऊन शोधल्या. वहीत आधी लिहिलं, ५८. एक ५७ दाखवते, दुसरी ५८. पुसून, चिठ्ठी लावून दोन्ही स्टोअरला परत दिल्या.